तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंड्या

१२ जानेवारी २०२५, रविवार

दैनंदिनी लिहिण्याची मला सवय नाही. महाविद्यालयात प्राचीन भारताचा इतिहास शिकवीत असताना मी टिपणे काढीत असे. पण ती विषयाची असत, स्वतःची नव्हेत. सून स्वरांगी हिने "बाबा, बोलत नाही तर निदान लिहा तरी" असे म्हणून ही वही आणून दिली. दिलेली वस्तू न वापरणे मला प्रशस्त वाटत नाही, म्हणून आरंभ करीत आहे.

प्रथम वस्तुस्थिती. माझी पत्नी पद्मिनी गेल्या ऑक्टोबरमध्ये डब्लिनजवळच्या ल्यूकन येथे याच घरी हृदयविकाराच्या झटक्याने निवर्तली. दोन वर्षांपूर्वी संगमनेरचे बिऱ्हाड मोडून आम्ही मुलाकडे, प्रसन्नकडे, कायमचे राहावयास आलो होतो. तो ब्युमॉन्टच्या रुग्णालयात डॉक्टर आहे. त्या दिवशी तो कामावर होता. दहन डब्लिनमध्येच झाले. अस्थी काही दिवसांनी मिळाल्या. त्यांना अस्थी म्हणणेही तितकेसे बरोबर नाही. येथे यंत्राने बारीक पूड करून देतात. पेटी हिरव्या पुठ्ठ्याची असून तिच्यावर कै. पद्मिनीचे नाव इंग्रजीत छापलेले आहे, आणि ते बिनचूक आहे.

ही पेटी मी वरच्या मजल्यावरील हॉट प्रेसमध्ये ठेवली आहे. गरम पाण्याच्या टाकीभोवती बांधलेल्या, कपडे कोरडे ठेवण्याच्या कपाटाला येथे तसे म्हणतात. घरातील सर्वांत कोरडी जागा तीच. कै. पद्मिनीला येथील थंडी मानवत नसे व ती हिवाळ्यात त्या कपाटाला पाठ लावून उभी राही. याचा या निवडीशी काही संबंध नाही.

आज दोन गोष्टी घडल्या. येथील मराठी मंडळाच्या रेवतीबाईंचा दूरध्वनी आला. "सर, पाडव्याला तुम्ही बोला ना. मुलांना कळेल असं. राजेरजवाडे नकोत हं, ते सगळं यूट्यूबवर बघतात. साधी माणसं तेव्हा काय खायची, कशी राहायची, तसलं काहीतरी." मी होकार दिला. विषय ठरला: 'प्राचीन संस्कृतींतील सामान्य माणसांचे दैनंदिन जीवन'.

दुसरी गोष्ट. चहाच्या वेळी प्रसन्न म्हणाला, "बाबा, ईस्टरला मला लीव्ह मिळतेय. मी एकटाच शिरूरला जाऊन येतो. आईला घोडनदीत सोडू या. तुमच्या गुडघ्यांना एवढा प्रवास नको."

शिरूर हे कै. पद्मिनीचे माहेर. या योजनेत दोष काढण्यासारखे काही नाही. मी विचार करून सांगतो म्हणालो.

"विचार करा की. पण किती दिवस कपाटात ठेवायचं तिला?"

जागा कोरडी आहे, असे मी त्याच्या निदर्शनास आणून दिले.

२६ जानेवारी, रविवार

व्याख्यानाची तयारी सुरू आहे. नात गुंजन अकरा वर्षांची आहे. तिला मराठी समजते. उत्तर मात्र ती इंग्रजीत, त्यातही येथील हेलाच्या इंग्रजीत देते. श्रोतृवर्ग तिच्याच वयाचा असल्याने मी तिला मसुदा वाचून दाखवितो. इजिप्तमध्ये थडगी खोदणाऱ्या कामगारांच्या गैरहजेरीची कारणे लिहून ठेवलेली सापडली आहेत. एकाला विंचू चावला होता, दुसऱ्याला घरी बिअर गाळावयाची होती.

"दॅट्स ग्रँड, आजोबा. मिस्टर डेलनी वुड लव्ह दॅट."

श्री. डेलनी हे आमचे शेजारी. त्यांच्या आवडीचा येथे संबंध नव्हता.

मोहेंजोदडोची न्हाणीघरे व फासे तिला आवडले. मग मी इनामगावावर आलो. शिरूरजवळ, घोड नदीच्या काठी, तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी नांगर धरणाऱ्या, जव पेरणाऱ्या साध्या शेतकऱ्यांचे ते गाव. एम. ए. ला असताना एका हंगामात मी तेथील उत्खननावर होतो. कुडाच्या भिंती, चोपून सारवलेली जमीन, चूल, कणग्या. आणि जमिनीखाली त्यांची माणसे. लहान मूल गेले तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून, आडवी निजवून, त्यांत ते ठेवीत व घरातच पुरीत. मोठ्या माणसाला उताणे निजवीत आणि घोट्याखालून त्याचे पाय तोडीत.

"ईऊ! व्हाय?"

मृताने घर सोडून जाऊ नये, असा हेतू असावा, असे तज्ज्ञांचे मत आहे, असे मी सांगितले.

"दॅट्स सो सॅड," ती म्हणाली आणि बिस्किट संपवून खेळावयास गेली.

कै. पद्मिनी प्रथम मला तेथेच दिसली होती. शिरूरच्या महाविद्यालयातील मुली उत्खनन पाहावयास आल्या होत्या. माहिती सांगण्याचे काम माझ्याकडे होते. मी त्या सांगाड्याविषयी सांगत असता एक मुलगी मध्येच म्हणाली, "अहो, पण त्याला कुणी विचारलं होतं का, राहायचंय का म्हणून?" सर्व मुली हसल्या. मी म्हणालो, पुराव्याअभावी सांगता येत नाही. त्यावर त्या अधिकच हसल्या. हा भाग व्याख्यानात घेणार नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार. सुट्टी.

हॉट प्रेसमधील पेटी मी ठेवतो तशी राहत नाही. मी ती नाव समोर येईल अशी ठेवतो. प्रसन्नच्या रात्रपाळ्या असल्या की सकाळी ती किंचित तिरपी असते, आणि तिच्याखाली स्वच्छ टॉवेलची घडी आलेली असते. स्वरांगी कपडे काढताना ढकलत असावी. तिला सांगितले पाहिजे. पण असल्या गोष्टीवरून सुनेला बोलणे बरे दिसत नाही.

प्रसन्नने पुन्हा तिकिटांचा विषय काढला. "बाबा, नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा ना. पण काहीतरी म्हणा." मी म्हणालो की घोड नदीला एप्रिलमध्ये पुरेसे पाणी नसते. तो म्हणाला, पाणी असेल तिथे जाईन. मी म्हणालो की पाणी सोडणे धरणाच्या वेळापत्रकावर अवलंबून असते. त्याने कपाळावर हात मारला. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरने असे हातवारे करू नयेत.

मनात एक विचार आला आहे. तो येथे लिहिण्याइतका पक्का झालेला नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

स्वरांगीबरोबर बागसामानाच्या दुकानात गेलो. भाजलेल्या लाल मातीच्या दोन कुंड्या घेतल्या, एकाच मापाच्या, तोंडे जुळणाऱ्या. जुळतात की नाही हे मी तेथेच ताडून पाहिले. गल्ल्यावरची मुलगी पाहत होती.

"कोथिंबीर लावताय का बाबा?" स्वरांगीने विचारले. मी म्हणालो, पाहू. हे असत्य नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज घरी कोणी नव्हते. प्रसन्न कामावर, स्वरांगी कार्यालयात, गुंजन शाळेत. जे केले ते नीट विचार करून केले आहे व त्याची कारणे नोंदवून ठेवतो.

परसदारी, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून, मी दोरी लावून चौरस आखला व खड्डा घेतला. बाजू काटकोनात उतरविल्या. इतक्या वर्षांनंतरही हात विसरलेला नाही. वर हिरवळ व काळी माती, तिच्याखाली घर बांधताना टाकलेला राडारोडा, त्यात विटांचे तुकडे आणि बटाट्याच्या चिप्सचे एक वेष्टन, त्याखाली निळसर चिकणमाती. तेथे थांबलो.

कुंभात दफन ही प्रथा बालकांची, प्रौढांची नव्हे, हे मला ठाऊक आहे. तथापि राखेत वयाचा भेद उरत नाही. कुंड्यांच्या तळाची भोके गुंजनच्या हस्तकलेच्या मातीने लिंपली. राख दोन्ही कुंड्यांत निम्मी-निम्मी घेतली. तोंडावर कापड ताणून बांधले, तोंडे जुळवली, सांधा मातीने बंद केला, आणि मग भोवती तिची तपकिरी शाल गुंडाळली. चिकणमातीत दमटपणा असतो, शाल त्यासाठी. ती कोणाच्या वापरात नव्हती. कुंड्या उत्तर-दक्षिण ठेवल्या. घराच्या भिंतीपासून अंतर हातभर आहे. घराच्या आत शक्य नव्हते, तेथे काँक्रीट आहे.

श्री. डेलनी मधल्या कुंपणावर कोपरे टेकून उभे आहेत, हे माती लोटताना लक्षात आले. ते कधीपासून उभे होते, सांगता येत नाही.

"स्पड्स लावताय? फार लवकर आहे हो. आमच्याकडे बटाटे पॅट्रिकच्या दिवशी लावतात."

मी म्हणालो, मातीचे थर पाहत होतो.

ते काही वेळ मातीकडे पाहत राहिले. "तुमच्या मिसेसना माझ्या कुत्रीचं नाव ठाऊक होतं," ते म्हणाले. "तुम्हाला माझंही नाही." मग टोपी काढली, पुन्हा घातली, आणि आत गेले. त्यांच्या पत्नीला जाऊन बरीच वर्षे झाली आहेत. त्यांचे नाव मिक आहे. मला ठाऊक आहे. मी ते वापरीत नाही इतकेच.

रिकामी पेटी हॉट प्रेसमध्ये जागच्या जागी ठेवली. ही फसवणूक नव्हे. पेटीत काय आहे याविषयी मी कोणापाशीही कोणतेही विधान केलेले नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

झोप लागली. ऑक्टोबरनंतर प्रथमच.

२३ फेब्रुवारी, रविवार

लिहिण्यासारखे फारसे घडले नाही. रोज सकाळी नाश्ता तसाच ठेवून मी परसात उभा राहतो. तेथे काय करतो, असे कोणी विचारलेले नाही.

प्रसन्नने तिकिटांचा विषय सोडून दिला आहे. कामाचा भार वाढला असावा. त्याला अलीकडे बागेची आवड उत्पन्न झाल्याचे दिसते. त्याने एक खुर्ची आणून नेमकी भिंतीजवळच्या त्या ओल्या जागी मांडली आहे. रात्रपाळीहून आला की आत न येता चहाचा पेला घेऊन तेथे बसतो. थंडी असते. मी खिडकी उघडून म्हणालो, खुर्ची सुक्या जागी हलव, पाय रुतत आहेत.

"राहू दे बाबा. इथे बरं वाटतं."

"तेथे ऊन येत नाही."

"माहितीये."

फोनवर बोलत असावा, ओठ हलत होते. पण हातात फोन दिसला नाही.

९ मार्च, रविवार

आज जे ऐकू आले ते ऐकण्याचा माझा हेतू नव्हता. जिना लाकडी आहे आणि या घरांच्या भिंती पातळ असतात.

हे घर भाड्याचे आहे, हे मला अर्थातच ठाऊक होते. ॲडम्सटाउनला यांनी नवे घर पाहिल्याचेही प्रसन्नने ख्रिसमसच्या सुमारास सांगितले होते. तेव्हा मी फारसे लक्ष दिले नव्हते. ते घर तयार झाले आहे. महिनाअखेर सही करावयाची आहे. प्रसन्न करीत नाही.

"मला एकदा सांग ना, प्रॉब्लेम काय आहे?" स्वरांगी विचारीत होती. "तूच आवडलं म्हणालास. स्टेशन दारात. मला रोजचा तो बसचा वैताग नको. गुंजन दोन वर्षं छपराखालच्या त्या खोपटात झोपतेय, उभी राहिली तर छताला डोकं लागतं पोरीचं."

"थोडं थांबू या म्हणतोय मी. या घराचं लीज एक वर्ष वाढवून घेतो."

"कशाला? काय अडकलंय तुझं या घरात? भाड्याचं घर आहे रे हे!"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आईंमुळे का? त्या इथे गेल्या म्हणून?"

"तसं समज."

"मग बाबांशी बोल. त्यांचं काय म्हणणं आहे?"

"बाबांना यात ओढू नकोस. प्लीज."

प्रसन्न लहानपणापासून अनिश्चयी आहे. शास्त्र शाखा की कला शाखा, या प्रश्नावर त्याने अख्खा उन्हाळा घालविला होता. तेव्हा त्याची आई त्याच्या बाजूने बोलत असे. आता कोण बोलणार? स्वरांगीचे म्हणणे मला रास्त वाटते. तथापि घर बदलण्याची घाई नसावी, असे माझेही मत आहे.

१७ मार्च, सोमवार

सेंट पॅट्रिकचा दिवस. गुंजनने गालावर हिरवी पाने रंगविली होती. ती मिरवणुकीला गेली, सोबत तिचे आईवडील. श्री. डेलनी त्यांच्या परसात बटाटे लावीत होते.

"हाऊज द फॉर्म, प्रोफेसर?" असे म्हणून ते कुंपणापाशी आले व आवाज उतरवून सांगू लागले. आमच्या घरमालकाशी त्यांचे बोलणे झाले होते. आम्ही घर सोडले की त्याला मागे स्वयंपाकघर वाढवावयाचे आहे. भिंतीपासून पार अर्ध्या परसापर्यंत. खाली काँक्रीट ओततील.

"तुमचा मुलगा एक वर्ष वाढवून मागतोय म्हणे. युअर मॅन, तो घरमालक, तयार नाही. जास्तीत जास्त उन्हाळ्यापर्यंत, म्हणतो."

मी म्हणालो, सांगितल्याबद्दल आभारी आहे.

"मी माझ्या बायकोला पामर्सटाउनच्या दफनभूमीत ठेवलंय," ते म्हणाले. "रविवारी जातो. पण ती जागा कुणी विकत नाही, एवढं बरं आहे."

ते बटाट्यांकडे परतले. मी आत आलो व व्याख्यानाच्या टिपणांवर बसलो. एक ओळही झाली नाही.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा.

आज घड्याळे तासभर पुढे गेली, त्यामुळे सभागृहात निम्मी माणसे उशिरा आली. ध्वनिक्षेपक किंचाळत होता. रेवतीबाई कानाशी येऊन म्हणाल्या, "सर, वीस मिनिटं हं. मागे श्रीखंड वितळतंय." श्रीखंड वितळत नाही. मी आरंभ केला.

विंचू चावलेला कामगार मुलांना आवडला. मोहेंजोदडोची गटारे मोठ्यांना आवडली. एक गृहस्थ म्हणाले, आमच्या पिंपरीपेक्षा बरी होती की. मग इनामगाव. कुडाची घरे, जव, भट्टी, खेळणी. जमिनीखालची माणसे. पाय. मी ते वाक्य इतक्या वर्षांत कित्येक वर्गांना सांगितले आहे. आजही स्पष्ट सांगितले.

प्रश्नोत्तरांत पहिला हात गुंजनचा वर गेला. तिला ध्वनिक्षेपक दिला. ती आजोबांना मराठीत विचारील, अशी रेवतीबाईंनी सर्वांना आशा दाखविली. तिने प्रयत्न केला.

"आजोबा, ते लोक मग... व्हेन दे मूव्हड हाऊस, त्यांना बरोबर घेऊन गेले?"

मी सांगितले, नाही. पाऊस कमी होत गेला. पिके बुडू लागली. चौकोनी प्रशस्त घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. लोक शेती सोडून शिकारीवर आले. अखेर गाव ओस पडले. माणसे निघून गेली, आणि जमिनीखालची तेथेच राहिली. म्हणून तर ती आम्हांला सापडली.

"बट दे कट देअर फीट सो दे'ड स्टे विथ देम. अँड देन दे लेफ्ट?"

"होय."

तिने ध्वनिक्षेपक दुसऱ्या हातात घेतला. मुले चुळबुळ करीत होती. मग ती म्हणाली, "मे बी दॅट्स व्हाय दे स्टेड सो लाँग. पाऊस नव्हता तरी. बिकॉज दे कुडन्ट लीव्ह देम."

मला या प्रश्नाचे उत्तर येते. दुष्काळातही वस्ती टिकून राहण्याची कारणे अनेक आहेत व त्यांवर लेखन झालेले आहे. मी म्हणालो, "पुराव्याअभावी..." आणि माझी नजर सभागृहाच्या मागच्या दाराकडे गेली. प्रसन्न तेथे उभा होता, रात्रपाळीहून परस्पर आलेला, कोट न काढता. तो माझ्याकडे पाहत नव्हता. तो जमिनीकडे पाहत होता.

वाक्य पुरे झाले नाही. रेवतीबाईंनी टाळ्या वाजविल्या आणि श्रीखंडाची घोषणा केली.

खुर्ची. ओठ. एक वर्षाचे भाडे. टॉवेलची घडी.

इतके सर्व समोर असताना मला थर वाचता आले नाहीत.

३१ मार्च, सोमवार

प्रसन्न सकाळी आला, चहा केला, परसाच्या दाराकडे निघाला. मी त्याला थांबविले.

"पेटी रिकामी आहे," मी म्हणालो.

"माहितीये बाबा."

"केव्हापासून?"

"दुसऱ्या दिवसापासून. मी ड्यूटीवरून आलो की उचलून घ्यायचो ना तिला, दोन मिनिटं. त्या दिवशी उचलली तर हलकी लागली." त्याने पेला ओट्यावर ठेवला. "खाली आलो तर परसात चौकोनी खड्डा बुजवलेला. इतका चौकोनी. दुसरं कोण करणार?"

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? तुम्हाला झोप लागायला लागली होती."

मी म्हणालो की ही गोष्ट पत्नीला न सांगता तिच्याशी वाद घालीत राहणे योग्य नव्हते. तो हसला. रडल्यासारखे हसला. "तुम्ही मला सांगताय?"

मी त्याला आजच सही करून येण्यास सांगितले. तो म्हणाला, आधी तिला काढू. मी म्हणालो, आधी सही. गुंजनचे डोके छताला लागते. स्वरांगी जिन्यावर उभी होती. तिने किती ऐकले कोण जाणे. ती खाली आली आणि तिने प्रसन्नच्या हाती गाडीची किल्ली दिली. जाताना माझ्याकडे वळून म्हणाली, "कोथिंबीर, बाबा?"

५ एप्रिल, शनिवार

सही सोमवारीच झाली. आज पद्मिनीला वर काढले.

श्री. डेलनींकडून थापी व हातकुदळ मागून आणली. त्यांनी विचारले नाही. कुंपणापलीकडे एक खुर्ची घेऊन बसले आणि वर्तमानपत्र उघडले. ते पान बराच वेळ उलटले नाही. मी जाताना म्हणालो, "थँक यू, मिक." ते म्हणाले, "यू'र ग्रँड."

माझे गुडघे खाली बसू देत नाहीत. काम प्रसन्नने केले. तो शस्त्रक्रिया करणारा नाही, पण हात स्थिर आहे. मी काठावरून सांगत होतो: कुदळ आता बाजूला ठेव, थापी तिरपी धर, ओढ, खुपसू नकोस. निळ्या मातीचा थर लागला. "आता ब्रश." स्वरांगीने रंगकामाचा ब्रश दिला. शालीची कड दिसली तेव्हा प्रसन्नचा हात थांबला. गुंजन माझ्या बाहीला धरून उभी होती. तिच्या आजीला मी येथे पुरले होते, हे तिला काल सांगितले. "लाइक इनामगाव?" तिने विचारले. मी म्हणालो, होय, तसेच. "बट विथ फीट," ती म्हणाली.

शाल चिंब झाली होती. कुंड्या शाबूत होत्या, सांधाही. प्रसन्नने त्या दोन्ही हातांनी उचलल्या, बाळ उचलावे तशा, मानेखाली हात देऊन. स्वरांगीने कोरडी चादर पुढे केली व त्या घरात नेल्या. गुंजन तिच्यामागून दार धरावयास गेली.

खड्डा बुजविण्यापूर्वी तळाची मोजमापे घ्यावीत, बाजूंचे रेखाचित्र काढावे, असा नियम आहे. मी ते केले नाही. प्रसन्न काठावर पाय खाली सोडून बसला होता. मी त्याच्या खांद्याचा आधार घेऊन, बऱ्याच प्रयासाने, त्याच्या शेजारी बसलो.

"ईस्टरला मीही येतो," मी म्हणालो. "गुडघ्यांचे पाहू."

"सगळेच जाऊ."

"घोड नदीला पाणी नसेल."

"नसू दे. मग थांबू तिथे, येईपर्यंत."

त्याच्या बोटांत माती भरली होती. ती तो खड्ड्यात टाकीत होता, थोडी थोडी.

"तू रोज येथे बसून तिच्याशी बोलत होतास," मी विचारले. "काय सांगत होतास?"

"विशेष काही नाही. वॉर्डातलं. गुंजनचं. आणि तुम्ही नीट जेवलात का, ते. तिनं पहिलं तेच विचारलं असतं ना."

"मग काय सांगत होतास?"

त्याने बोटांतली माती झटकली. "बहुतेक वेळा खोटंच सांगायचो, बाबा."

मी उठलो, त्यानेच उठविले. स्वयंपाकघरात जाऊन हात धुतले आणि प्रसन्नचे व माझे, अशी जेवणाची दोन पाने घेतली.